नित्याच्या वस्तू आणि रोगांचा संसर्ग

माझ्या लहानपणी सौंसरच्या आमच्या घरात ओसरीच्या कोनाड्यात एक कपबशी वेगळी ठेवलेली असे. कपाचा कान तुटलेला होता. ती कपबशी आजोबांची. त्यांना क्षय झाला होता. आम्हा मुलांना ताकीद होती की, त्या कपाला हात लावावयाचा नाही. कोणी चुकून लावलाच तर आजी त्याला विहिरीवर नेऊन हात धुवावयास लावी. आजोबा चहा पिऊन स्वतःच कप विसळीत आणि पुन्हा कोनाड्यात ठेवीत. हे काम ते फार हळू करीत, एवढे मला आठवते.

रात्री मात्र घरातील सातही माणसे एकाच खोलीत निजत. थंडीचे दिवस असल्यामुळे खिडकी बंद असे आणि तिच्या फटीतही चिंध्या कोंबलेल्या असत. आजोबा रात्रभर खोकत. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या आत्याला, जिला आम्ही फुफी म्हणत असू, तोच रोग झाला. सुदैवाने वेळेवर औषधोपचार झाला आणि ती बरी झाली. आजोबा गेले.

पुढे शिक्षक झाल्यावर आरोग्यशास्त्राचा पाठ शिकविताना मला त्या कपाचा उलगडा झाला. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत जातात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतात. कपबशी, ताटवाटी किंवा कपडे यांनी हा रोग पसरत नाही. म्हणजे आमच्या घराने कप वेगळा केला आणि खिडकी बंद ठेवली. करावयास हवे होते नेमके उलट. घरातील मंडळी निष्काळजी नव्हती. उलट त्यांनी फार काळजी घेतली. परंतु ती चुकीच्या वस्तूची घेतली. त्यामुळे फुफीचा आजार टळला नाही आणि आजोबांच्या वाट्याला मात्र अखेरचे वर्ष एकटेपणाचे आले.

या स्मरणिकेच्या निमित्ताने नित्याच्या वस्तूंपासून होणाऱ्या संसर्गाविषयी चार शब्द लिहावयाचे ठरविले, ते या आठवणीमुळेच. वस्तूंनी रोग पसरतात ही गोष्ट खरीच आहे. परंतु कोणती वस्तू कोणता रोग नेते आणि कोणती नेत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे.

तीन प्रश्न

वर्गात मी मुलांना तीन प्रश्न पाठ करावयास सांगतो. कोणत्याही वस्तूविषयी शंका आली की तिला हे तीन प्रश्न विचारावेत. पहिला, रोगाचा जंतू आजारी माणसाच्या शरीरातून कोणत्या वाटेने बाहेर पडतो? दुसरा, बाहेर त्या वस्तूवर तो किती वेळ जगतो? तिसरा, तो निरोगी माणसाच्या शरीरात कोणत्या वाटेने शिरतो? तिन्ही प्रश्नांची उत्तरे जुळली तरच ती वस्तू धोक्याची समजावी. एक जरी जुळले नाही, तरी तिला भिण्याचे कारण नाही.

उदाहरणार्थ, पटकीचे जंतू विष्ठेवाटे बाहेर पडतात, पाण्यात जगतात आणि तोंडावाटे पोटात जातात. म्हणून पाण्याचे भांडे पटकी नेऊ शकते. क्षयाचा जंतू तोंडावाटे पोटात जाऊन सहसा रोग करीत नाही, त्याला फुप्फुसाची वाट हवी असते. म्हणून कप क्षय नेत नाही.

बहुतेक वस्तूंच्या बाबतीत जंतूला वस्तूवरून तोंडापर्यंत किंवा डोळ्यापर्यंत नेणारा एक हमाल लागतो. हा हमाल म्हणजे आपला हात. हे मुलांना पटावे म्हणून मी दरवर्षी एक प्रयोग करतो. सकाळी पहिल्या तासाच्या आधी एका मुलाच्या उजव्या तळहाताला निळ्या खडूची बारीक पूड चोळतो आणि नेहमीप्रमाणे वागावयास सांगतो. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग निळ्या रंगाचा शोध घेतो. रंग दाराच्या कडीवर सापडतो, नळाच्या तोटीवर सापडतो, शेजाऱ्याच्या वहीवर आणि पाण्याच्या पेल्यावर सापडतो. त्या मुलाच्या नाकाच्या शेंड्यावर तर तो हमखास असतो. एका वर्षी तो हजेरीपटावर आणि माझ्या स्वतःच्या ओठावरही सापडला, कारण पाने उलटताना बोट जिभेला लावण्याची खोड मला होती. मुले पोट धरून हसली. त्या दिवसापासून ती खोड मी सोडली.

हाताचे हे काम वैद्यांनाही फार उशिरा कळले. १८४७ साली व्हिएन्ना येथील प्रसूतिरुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरांच्या असे ध्यानात आले की, शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी त्याच हातांनी बाळंतिणींची तपासणी करतात आणि तेथेच सूतिकाज्वराने अधिक स्त्रिया दगावतात. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४६ मध्ये त्या विभागात शंभरांतील सुमारे अकरा माता मरत होत्या. १८४८ मध्ये हे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास आले. जंतूंचे शास्त्र तेव्हा जन्मासही आले नव्हते. केवळ हात धुण्याने हा फरक पडला.

ज्या वस्तूंपासून सावध राहावे

आता घरातील वस्तू एकेक करून पाहू.

पाण्याचे भांडे. आपल्या घरांतून माठात किंवा पिंपात पेला बुडवून पाणी काढण्याची रीत आहे. पेल्याबरोबर बोटेही बुडतात. पाणी नळाचे असो, विहिरीचे असो की गाळून उकळलेले असो, बोटांवरील घाण त्यात उतरली की सर्व मेहनत वाया जाते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत दूषित विहिरीच्या पाण्यामुळे पटकीची साथ आली आणि काही माणसे दगावली. विहीर शुद्ध ठेवणे हे ग्रामपंचायतीचे व सरकारचे काम आहे. परंतु घरात आलेले पाणी शुद्ध राखणे हे आपले काम आहे. या संबंधात कलकत्त्याच्या झोपडवस्तीतील एक पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. ज्या घरी पटकीचा रोगी निघाला, तेथील काही कुटुंबांना पाणी साठविण्यासाठी अरुंद तोंडाची सुरई दिली गेली. सुरई नसलेल्या घरांत इतर माणसांपैकी शेकडा सतरांना संसर्ग झाला, सुरई असलेल्या घरांत तो शेकडा चारांच्या आसपास राहिला. फरक एवढाच की सुरईत हात जात नाही. सुरई नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे किंवा तोटीचे भांडे घ्यावे. दोन्हींची किंमत एका दिवसाच्या औषधाहून अधिक नाही.

पंचा, रुमाल आणि सुरम्याची सळई. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात डोळे येण्याची मोठी साथ आली होती, हे वाचकांना आठवत असेलच. त्या वेळी आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की डोळे येतात, असा समज घरोघरी होता आणि लोक काळे चष्मे घालून फिरत होते. नजरेने रोग जात नाही. डोळ्याचे पाणी बोटाला, पंचाला किंवा उशीच्या अभ्र्याला लागते आणि तेथून दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. एका घरात पाच माणसांना एकच पंचा असेल, तर पाचांचेही डोळे येणार. येथे माझ्या घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. ईदच्या सकाळी आमच्याकडे एकाच सुरमेदाणीची सळई सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरते. काजळाच्या डबीचेही तसेच. शेजारणीच्या बाळालाही त्याच डबीतील काजळ त्याच बोटाने लावले जाते. यात प्रेम आहे यात शंका नाही; परंतु खुपऱ्यांसारखा रोग याच वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात राहिला आणि त्याने अनेकांची दृष्टी नेली. बोटे, सामाईक फडकी आणि माश्या ही त्याची वाहने. भारतातून खुपऱ्यांचे सार्वजनिक आरोग्यावरील संकट दूर झाल्याची मान्यता जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिली. ते परत येऊ नये असे वाटत असेल, तर ज्याचा पंचा त्याला आणि ज्याची सळई त्याला, हा नियम घरात पाळावा.

वस्तरा आणि सुई. रक्तावाटे जाणाऱ्या काविळीचा, म्हणजे ब प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. पात्यावर रक्त दिसलेच पाहिजे असे नाही. डोळ्यांस न दिसणारा थेंबही पुरतो. म्हणून केशकर्तनालयात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे पाते असावे, आणि ते आपल्यासमोर कागदातून काढावे असे आपण निःसंकोच सांगावे. कान टोचणे, गोंदणे आणि सुंता ही कामे करणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. दाताचा ब्रश व दाढीचे सामान नवरा-बायकोंनीसुद्धा एकमेकांचे वापरू नये.

अंथरूण, कंगवा आणि कपडे. खरजेचा किडा माणसाच्या अंगावरून उतरल्यावर दोन-तीन दिवस जगतो. घरात एकाला खरूज झाली तर सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे आणि अंथरुणे-पांघरुणे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. जी धुता येत नाहीत ती बांधून आठवडाभर बाजूला ठेवावीत. गजकर्णाचेही तसेच आहे. ओलसर कपडे आणि दुसऱ्याची बनियन ही त्याची आवडती घरे होत. आपल्या भागात ऊन फुकट व भरपूर मिळते. त्याचा लाभ घेण्यात कंजुषी करू नये.

ओटा पुसण्याचे फडके. घरातील सर्वांत स्वच्छ जागा म्हणून आपण स्वयंपाकघराकडे पाहतो. परंतु तेथील ओले फडके ही जंतूंची वाढ होण्यास फार सोयीची जागा असते. ते रोज धुऊन वाळवावे आणि अधूनमधून उकळावे. कच्चे मांस ज्या पाटावर कापले, त्याच पाटावर न धुता कोशिंबिरीची काकडी चिरू नये.

खर्रा. विदर्भाप्रमाणे आपल्या दोन्ही तालुक्यांत खर्ऱ्याची पुडी चारचौघांत फिरते. एकाच पुडीत चार जणांची बोटे जातात आणि तीच बोटे तोंडात जातात. मग ज्या त्या भिंतीवर पिंक पडते. तंबाखूने होणारा मुखाचा कर्करोग हा याचा मोठा दोष आहेच. आपल्या विषयापुरते बोलावयाचे तर, ही पुडी म्हणजे चार तोंडांना जोडणारी एक दोरीच होय.

माती, विळा आणि गोटा. धनुर्वाताचा जंतू मातीत व जनावरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकतो. गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो असे म्हणतात. दोष गंजाचा नसतो, खिळ्याला लागलेल्या मातीचा असतो. पूर्वी नवजात बाळाची नाळ विळ्याने कापून तीवर शेण किंवा राख लावीत. त्यापायी किती अर्भके गेली याची गणती नाही. मातांचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे माता व अर्भकांचा धनुर्वात भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली मान्य झाले. परंतु माती तीच आहे आणि बीजे तिच्यात आहेतच. पोळ्याच्या करीला पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीवर गोटमार होते. दरवर्षी शेकडो लोक दगडांनी जखमी होतात. त्या रूढीविषयी येथे वाद घालावयाचा नाही. एवढेच सांगतो की, नदीच्या गोट्याने फुटलेल्या डोक्यावर माती किंवा राख दाबू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची लस घ्यावयाची की नाही ते विचारावे.

ज्या वस्तू निर्दोष आहेत

आता उलट बाजू पाहू. क्षयाविषयी वर लिहिलेच आहे. त्याला आधारही आपल्याच देशातील आहे. १९५६ साली मद्रास येथे एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवून औषध दिले आणि काहींना त्यांच्या गर्दीच्या घरातच दिले. घरी औषध घेणारे रुग्ण तितकेच चांगले बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबातील माणसांना अधिक धोकाही झाला नाही. रोग्याला औषध नियमित मिळाले की त्याच्यापासून होणारा संसर्ग लवकरच कमी होतो, हा त्यातून मिळालेला धडा. कप वेगळा करण्याची गरज नाही. खिडकी उघडावी, खोकताना तोंडावर रुमाल धरावा आणि औषध एक दिवसही चुकवू नये. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. त्यामुळे हा धडा जुना झालेला नाही.

कुष्ठरोगाचेही तसेच. हा रोग सहजासहजी लागत नाही. औषध सुरू झाल्यावर रोग्यापासून त्याचा प्रसार थांबतो. येथून फार दूर नसलेल्या वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठसेवेचे काम सुरू केले. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरेशास्त्री यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केले. एच.आय.व्ही.चा विषाणू ताटवाटीने, कपड्याने किंवा संडासाने जात नाही. या रोगांच्या रुग्णांचे पेले वेगळे ठेवणे हे आरोग्यशास्त्र नव्हे. आपल्याकडे वेगळ्या पेल्याची रीत रोगापेक्षा जुनी आहे. ज्यांना कोणताही रोग नव्हता, अशा लोकांसाठीही चहाच्या दुकानात वेगळे पेले टांगलेले असत. विटाळ आणि संसर्ग ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. संसर्ग साबणाने जातो. विटाळाची कल्पना मनातूनच काढावी लागते.

चुकीच्या वस्तूचा पाठलाग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रगट झाला आणि पुढे तो पुण्यात पोहोचला. सरकारने घरांच्या झडत्या घेतल्या, कपडे व अंथरुणे जाळली, भिंतींना चुना फासला. लोकांचा संताप अनावर झाला. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, ती याच काळात. एवढे सोसूनही प्लेग थांबला नाही, कारण तो नेणारी पिसू मोकळीच होती. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिले की, मेलेल्या उंदरावरील पिसू हा रोग नेते. त्यांचे म्हणणे प्रथम कोणी मानले नाही. पुढे १९०५ नंतर प्लेग आयोगाने मुंबईत प्रयोग करून त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे कपडा दोषी होता तो त्यातील पिसवेपुरता, आणि माणूस तर बहुधा दोषी नव्हताच.

त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पिसवेचे ज्ञान तेव्हा कोणालाच नव्हते. आज ते आपल्याला आहे. त्यांच्याजवळ जे होते, ते आपल्याजवळ आहे काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारीत असतो.

हा प्रश्न २०२० साली आपल्यापुढे पुन्हा आला. करोनाच्या आरंभी प्रयोगशाळेतून बातमी आली की, प्लॅस्टिक व पोलाद यांवर तो विषाणू बहात्तर तासांपर्यंत टिकतो. घरोघरी भाजी साबणाने धुतली जाऊ लागली, नोटांना इस्त्री होऊ लागली, संत्र्यांची पिशवी दिवसभर अंगणात ठेवून मग आत घेतली जाऊ लागली. अज्ञात रोगापुढे एवढी सावधगिरी समजण्यासारखी होती. परंतु तेवढ्यावर थांबले नाही. त्या वर्षीच्या एप्रिलात फळे व भाजी विकणाऱ्यांविषयी खोट्या अफवा उठल्या आणि अनेक शहरांतून गाडीवाल्याला आधी नाव विचारून मग फळे घेतली गेली. ज्यांची नावे माझ्यासारखी होती, त्यांच्या गाड्या परतविल्या गेल्या. पुढे शास्त्रज्ञांना कळून आले की, तो रोग मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेतील हवेतून पसरतो. दूषित वस्तूच्या एका स्पर्शाने तो होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये सांगितले. फळ निर्दोष होते आणि ते विकणाराही निर्दोष होता. मला त्या दिवसांत ओसरीतील कान तुटलेल्या कपाची पुष्कळदा आठवण झाली.

काय करावे

शेवटी आचरणाचे काही नियम देतो. ते कापून घरात लावण्यास हरकत नाही.

१. शौचाहून आल्यावर, बाळाचे शी-शू काढल्यावर, स्वयंपाकापूर्वी व जेवणापूर्वी हात साबणाने निदान वीस सेकंद धुवावेत. बाहेरून आल्यावर पाय धुण्याची आपली जुनी रीत आणि नमाजापूर्वी वुजू करण्याची रीत उत्तम आहे, मात्र नुसत्या पाण्याला साबणाची सर येत नाही.

२. धुतलेला हात सामाईक पंचाला पुसू नये. शाळा, मशीद, मंदिर व दवाखाना येथे एकच टॉवेल टांगू नये.

३. पिण्याच्या पाण्यात हात जाऊ देऊ नये.

४. पाते, सुई, ब्रश, सळई व कंगवा हे ज्याचे त्याला असावे.

५. मोबाइल फोन संडासात नेऊ नये. हात धुतला आणि तोच फोन पुन्हा हातात घेतला, तर धुण्याचा उपयोग काय?

६. खोकणाऱ्या माणसाच्या खोलीची खिडकी उघडावी आणि दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

गावोगावचे न्यास लग्नकार्यासाठी भांडी व गाद्या आणि आजारपणात खाट, कुबड्या, शौचपात्र अशा वस्तू देत असतात. हे मोठे पुण्याचे काम आहे. अशा वस्तू परत येतील तेव्हा भांडी साबणाने धुऊन उन्हात पालथी घालावीत, गाद्यांना दिवसभर ऊन द्यावे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात आणि शौचपात्र जंतुनाशकाने स्वच्छ करूनच दुसऱ्या घरी पाठवावे. कोठीच्या दारावर एक वही टांगून, वस्तू कोणी व कधी स्वच्छ केली हे लिहून ठेवावे. कोणाच्या घरून ती आली हे त्या वहीत लिहिण्याचे कारण नाही. वस्तू नीट धुतली म्हणजे पुरे.

आजोबांचा तो कप पुढे कोठे गेला ते मला ठाऊक नाही. फुफी मात्र आज आमच्यातच आहे. दुपारी ती चहा करते आणि जो कप हाती लागेल त्यात मला देते.